मेजरची खुर्ची

साताऱ्याकडं फौजेतून पेन्शनीवर आलेला कुणीही मेजरच. माझे वडील, म्हणजे आबा, खरं तर लंगरात होते, पलटणीच्या स्वयंपाकघरात. एकाहत्तरच्या लढाईत बर्फातल्या चौक्यांवर गरम डाळीचा डबा पाठीवरून पोचवताना त्यांच्या डाव्या पायाची बोटं गेली. "डाळ न्हाई सांडली, बोटं सांडली," असं घरी हसत सांगायचे.

आमच्या गल्लीत पहिला टीव्ही घरमालकांकडं आला. गच्चीवर बांबूला बांधलेला अँटेना पुण्याच्या दिशेला वळवला की मुंग्यांमधून माणसं दिसायची. रविवारच्या पिक्चरला सगळी गल्ली सतरंजीवर आणि आबांना तेवढी खुर्ची. मेजर ना! माझा तोरा तर बघायलाच नको.

एकदा लढाईचा पिक्चर लागला. जखमी दोस्ताला खांद्यावर घेऊन हिरो गोळीबारातून पूल ओलांडत होता, बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. संपल्यावर घरमालकांनी विचारलं, "मेजर, तुमी काय केलंत तिथं?"

"डाळ पोचवली," आबा म्हणाले.

गल्ली खो खो हसली. "आवं, म्हंजे तुमी आचारी व्हय!" कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या रविवारी खुर्चीवर घरमालकांचे मेहुणे बसले होते. आबा दुखरा पाय लांब करून सतरंजीवर टेकले.

त्या गणपतीत मंडळानं आबांना चार शब्द बोलायला उभं केलं. आबांनी पूल सांगितला. खांद्यावर दोस्त, पायात गोळी. गल्लीनं डोळ्यांनी पाहिलेला तोच पिक्चर! आता कुणीतरी ओरडणार म्हणून मी अंग चोरून बसले. पण टाळ्या थांबेनात. लढाई कशी असते ते आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं आणि आबांची गोष्ट तिच्यात बरोबर बसत होती. त्यांच्याकडं बघायची मला लाज वाटली. खुर्ची मात्र परत मिळाली.

दिवाळीनंतर तासगावाकडचे त्यांचे पलटणीतले एक सोबती भेटायला आले. रविवार होता, म्हणून आबा त्यांनाही टीव्हीला घेऊन आले. घरमालकांनी मोठ्या कौतुकानं पुलाचा विषय काढला. पाहुण्यांना काही कळेना.

"कसला पूल? आवं, पोटात कायबी न्हवतं आमच्या. ह्यो गडी बर्फातनं डाळ घिऊन आला म्हणून आमी जित्तं ऱ्हायलो."

बघा, बघा, असं मला ओरडावंसं वाटलं. पण आबा कानापर्यंत लाल झाले होते. "गप रं गड्या," ते हळूच म्हणाले, "चारचौघांत कशाला काढतोस ते?" थाप उघडी पडली होती, तिचं त्यांना काहीच नव्हतं. त्यांना लाज वाटत होती ती डाळीची. खुर्चीवरून उठून ते दारातल्या ढिगात आपल्या चपला शोधू लागले. पुन्हा ते टीव्ही बघायला गेले नाहीत आणि डाळीची गोष्टही घरात पुन्हा निघाली नाही.

आबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची लढाई आठवायला मी डोळे मिटते, तर तो काळापांढरा पूल दिसतो, दोस्ताला खांद्यावर घेतलेला तो हिरो दिसतो. पाठीवर डबा घेतलेला माणूस काही केल्या दिसत नाही, आणि माझी मलाच लाज वाटते.