पाणी आलं नाही

मी सोलापुरात टॉवेलचे फोटो काढतो. हे सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि विचारतो, "आणि बाकी?" बाकी चादरी, नॅपकिन, क्वचित एखादा बाथरोब. बाहेरदेशी पाठवायच्या कॅटलॉगमध्ये पांढरा टॉवेल पांढराच दिसला पाहिजे, आणि कॅमेऱ्याला ते आपणहून जमत नाही. पांढरं काही समोर आलं की तो बिचकतो आणि सगळं राखाडी करून टाकतो. त्याला दटावून थोडा जास्त उजेड घ्यायला लावावा लागतो. बर्फाचंही नेमकं तसंच असतं. पहिल्यांदा हिमालयात गेलो तेव्हा सोबतचे हौशी लोक मळकट बर्फ घेऊन परतले आणि माझा बर्फ स्वच्छ आला. त्याचं श्रेय टॉवेलांना आहे.

तेव्हापासून वर्षातून एकदा पंधरा दिवस सुट्टी काढतो, पाठीवर सॅक घेतो आणि उंचावरच्या एखाद्या तळ्यापर्यंत चालत जातो. का जातो, याला माझ्याकडे धड उत्तर नाही. तिथे फोटोआधी कशाला इस्त्री करावी लागत नाही, एवढं खरं.

त्या वर्षी मात्र कारण होतं. वडिलांनी तळं मागितलं होतं.

वडील नक्षी काढायचे. भिंतीवर टांगायची जी कापडी चित्रं आमच्याकडे मागावर विणतात, त्यांची नक्षी आधी चौकोनांच्या कागदावर काढतात, एकेक चौकोन रंगवून. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या पट्ट्या मागावर चढवल्या की चित्र कापडात उतरतं. वडिलांनी चाळीसेक वर्षं मोर, हरणं आणि बैलगाड्या काढल्या. आता ते काम संगणक करतो. वडिलांना त्याबद्दल तक्रार नव्हती. त्यांची अडचण वेगळी होती. काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

घरात आम्ही तेलुगू बोलतो. पण मी मराठी शाळेत गेलो म्हणून कामाचं काही असलं की वडील माझ्याशी मराठीत बोलतात. तसेच बोलले. "मोर लई झाले. एक तळं काढायचं हाय, डोंगरातलं. दिसतंय तवर काढतो."

"कसलं पाहिजे, नाना?"

"पानी हललेलं नको. हललेलं पानी चौकोनात बसत न्हाय."

त्यांच्या जुन्या कारखानदारानेही शब्द दिला होता की नक्षी पुरी झाली तर एक नग विणून देतो. म्हणजे माझ्याकडून हवं होतं ते न हललेलं पाणी, आणि तेही लवकर.

चढाईत मी एक मूर्खपणा केला, तोही अस्सल सोलापुरी. आमच्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे पाणी दिसलं की भरून ठेवायचं हे हातालाच लागलेलं असतं. वाटेत प्रत्येक झऱ्यावर मी होत्या नव्हत्या त्या सगळ्या बाटल्या भरत गेलो. खांदे उतरले तेव्हा वाटाड्याने सॅक उचलून पाहिली, उघडली आणि पाच बाटल्या ओळीने दगडावर मांडल्या. "साहब, हम पानी के पास ही जा रहे हैं," तो म्हणाला. मी चार रिकाम्या केल्या. पाचवी ओतवेना. ती तशीच तेरा हजार फुटांवर नेली, तळ्याकाठी.

तळं दोन दिवस हलत राहिलं. पहाटेपासून वारा. वाटाड्या म्हणाला, तिसऱ्या दिवशी उतरावंच लागेल, हवा बिघडतेय. तिसऱ्या दिवशी उजाडताना वारा पडला. पाणी आधी काठाला थांबलं, मग मध्ये, आणि समोरचा डोंगर बर्फासकट खाली पाण्यात उतरला. दहा-बारा मिनिटं तसं राहिलं. माझी बोटं बधिर झाली होती, पण काम चोख झालं. आनंद वगैरे वाटायला वेळ नव्हता. तो उतरताना वाटला, गुडघे दुखत असताना.

पाण्यातला डोंगर वरच्या डोंगरापेक्षा नेहमी काळपट असतो. बरेच जण तो नंतर उजळून घेतात, दोन्ही सारखे करतात. मी करत नाही. दिवसभर टॉवेल गोरे करणाऱ्या माणसाला कुठेतरी तत्त्व पाळावंसं वाटतं, आणि मी ते इथे पाळलं. मोठा प्रिंट काढला आणि वडिलांपुढे ठेवला.

त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "बर्फ लई चांगला आलाय," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून खिडकीशी टेबल ओढून बसले. आभाळ झालं, शिखर झालं, बर्फाच्या ओघळी झाल्या. एका चौकोनाला पूर्वी लागायचा त्याच्या कितीतरी पट वेळ लागत होता, पण रेघ चुकत नव्हती. आठव्या दिवशी काठापर्यंत आले आणि ब्रश धुऊन ठेवला.

"खालचं काढायची गरज न्हाय," म्हणाले. "पट्ट्या उलट्या चालवल्या की वरचंच खाली उमटतंय."

ते खरं होतं. पट्ट्या उलट्या क्रमाने गेल्या की मागावर तेच चित्र पालथं विणलं जातं. निम्मं काम वाचतं. पण मी खवळलो. दोन दिवस वारा खाऊन आणलेलं पाणी असं फुकट मिळणार असेल तर मी गेलो कशाला? मी त्यांना शिकवायला बसलो. पाण्यातला डोंगर म्हणजे वरचा डोंगर पालथा केलेला नसतो, नाना. तो खालून पाहिलेला असतो. दगडाची जी बाजू आपल्याला दिसत नाही ती पाण्याला दिसते. रंगही वेगळा, काळपट. दोन दिवस मी हेच दळण दळलं. ते ऐकून घ्यायचे. "व्हय, बरोबर हाय तुजं," म्हणायचे, आणि ब्रशला हात लावायचे नाहीत. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट.

नंतर एका दुपारी मी कामावरून आलो तेव्हा वडील आत आईशी हळू आवाजात तेलुगूत बोलत होते. दारातून मला एवढंच ऐकू आलं, "नीळ्ळु रालेदु." पाणी आलं नाही. आमच्या गल्लीत हे वाक्य जितक्या वेळा बोललं जातं तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं जात नसेल. त्या दिवशी नळाची पाळी होती. मी बादली उचलली आणि मोटर लावायला निघालो.

आई मागे आली आणि तिने बादली माझ्या हातातून काढून घेतली. नळाचं नाही, म्हणाली. तुझ्या फोटोचं. पोरगं एवढं चढून गेलं, पण फोटोत पाणी आलंच नाही, खाली नुसतं काळं आहे, असं ते परवापासून सांगताहेत. तुला बोलायचं नाही, अशी मला ताकीद आहे. वाईट वाटेल म्हणून तर त्यांनी ते पट्ट्यांचं काढलं.

मी अंगणात उभा राहिलो. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. दोन दिवस मी ज्यांना पाणी कसं दिसतं ते शिकवत होतो त्यांना ते दिसतच नव्हतं, आणि ते मला सांभाळून घेत होते.

त्या संध्याकाळी मी स्टुडिओत बसून खालचा अर्धा भाग उजळला. तत्त्व सोडून उजळला. पाण्यातला बर्फ टॉवेलसारखा पांढरा केला. नवा प्रिंट सकाळी त्यांच्या टेबलावर, चौकोनांच्या कागदावर ठेवला आणि म्हणालो, "नाना, पहिला प्रिंट बिघडला होता. खालचं काळं आलं होतं. चूक माझी."

"तरी म्हनलं," ते म्हणाले. चेहरा एकदम मोकळा झाला. भिंग घेतलं, शिखरापासून खाली येत राहिले. काठावर थोडं थांबले. मग भिंग बाजूला ठेवून त्यांनी बोट टेकवलं आणि माझ्याकडे पाहून हसले.

"हे बघ, आलं की पानी. आता चांगलं दिसतंय."

बोट फोटोच्या खाली, कोऱ्या कागदावर टेकलं होतं. मी म्हणालो, हो, आलं. आणि त्यांना कळणार नाही इतका हळू प्रिंट खाली ओढत राहिलो, बोटाखाली तळं येईपर्यंत.