मोजणीचा शनिवार

मिल्टनमधला आमचा शनिवारचा मराठी वर्ग माझ्या बेसमेंटमध्ये सुरू झाला. सात मुलं, एक फळा. दोन वर्षं खेटे घातल्यावर स्कूल बोर्डाने सरकारी शाळेतली खोली दिली आणि मला पगारही. पगार जेमतेम, पण मराठी शिकवायला कॅनडात सरकार पैसे देतं, हे मी फोनवर नागपूरला आईला शंभरदा ऐकवलं असेल. अट एकच होती: वीस मुलं वर्गात बसलेली दिसली पाहिजेत.

पुढे पोहणं आलं, हॉकी आली, मुलं गळू लागली. बोर्डाने कळवलं, या महिन्यात कुठल्याही शनिवारी आमची बाई येऊन मुलं मोजेल. मी पालकांच्या हातापाया पडले. तीन शनिवार मुलं आली, बाई आली नाही.

मग इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन. "ताई, दिवाळी प्रोग्रामचा डान्स बसत नाहीये हो. एकच शनिवार मुलं द्या, रिहर्सल करून घेतो." मला नाही म्हणता येत नाही, हा जुना रोग. शिवाय वाटलं, तेही मराठीचंच काम. नाचातल्या मुलांना दिली सुट्टी.

नेमकी त्याच शनिवारी बाई आली. वर्गात एकच मुलगी होती. ती नाचात नव्हती. तिची आई हॅमिल्टनच्या हॉस्पिटलमध्ये नर्स, ड्यूटीवर जाताना सोडून जायची. बाईंनी बाकीच्यांचं विचारलं. मराठी कार्यक्रमाची तालीम आहे, असं मी चक्क अभिमानाने सांगितलं. इतका मूर्खपणा मी आयुष्यात केला नाही. मुलीने न सांगताच पुस्तक उघडलं आणि धडा मोठ्याने वाचला. एका जोडाक्षराला अडखळली, पुन्हा मागे जाऊन नीट वाचलं. बाई "ब्यूटिफुल" म्हणाल्या आणि फाइल मिटून गेल्या.

दिवाळीचा नाच छान झाला. निवेदन इंग्रजीत होतं. नाताळाआधी वर्ग बंद झाल्याची ईमेल आली. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. फोन फक्त त्या नर्सचा आला.

"ताई, ही रडतेय. म्हणते, आय मेस्ड अप द रीडिंग, म्हणून क्लास बंद केला. तुम्ही जरा समजवा ना."

मुलगी फोनवर आली. तू छान वाचलंस, असं मी दोनदा म्हणाले. सुट्टी मी दिली होती, हे मात्र तोंडातून निघालं नाही.