सायडर चाखणारा मेहुणा

"बबनराव, यात काय ओतलंत?" मोठ्या टाकीतला घोट थुंकून मी विचारलं.

"काय न्हाई मॅडम. थोडी साखर."

थोडी! टाकीमागे साखर कारखाना सभासदांना देतो त्या साखरेची रिकामी पोती रचून ठेवली होती.

मी वाइनमेकर. आयुष्य नाशिककडच्या वायनऱ्यांत गेलं, आता छोट्या उत्पादकांना सल्ला देते. नेवासा तालुक्यात, जिथे बांधापासून बांधापर्यंत ऊस, तिथे या बबनरावांनी उष्ण हवेत येणाऱ्या जातीची सफरचंदं लावली. फळ आलं बारकं आणि आंबट. मार्केट यार्डात कोणी हात लावेना. मीच म्हटलं, सायडर करा, आंबट फळ तिला उत्तम. सायडर म्हणजे आंबवलेला सफरचंदाचा रस. यीस्ट रसातली साखर खातं, तिचं अल्कोहोल करतं. साखर संपली की काम संपलं. बिअरइतकीच सौम्य, जेवताना मजेत पिण्याची गोष्ट.

त्या दुपारी पुण्याहून खरेदीदार येणार होते. त्यांची तिकडे रेस्टॉरंट्स. त्यांनी माल नाकारला तर झाडं काढून ऊस लावायचा, असं बबनरावांच्या वडिलांनी बजावलं होतं. जेसीबीवाल्याशी बोलणंही झालं होतं.

"साखर घालायला सांगितलं कोणी?"

"संपतनं."

संपत म्हणजे बबनरावांचा मेहुणा. बबनरावांचं घर अख्खं माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, दारू वर्ज्य. बबनराव सायडर करतात, पण थेंब जिभेला लावत नाहीत. मी फोनवर बजावलं होतं, रोज कोणीतरी चाखा आणि मला चव सांगा. त्यांनी नातेवाइकांत पिणारा एकच माणूस शोधला आणि काम त्याच्यावर सोपवलं. संपतची जीभ देशी दारूवर तयार झालेली. तो रोज संध्याकाळी ग्लास रिचवायचा आणि निकाल द्यायचा, "दाजी, चढत न्हाई." की दाजी पातेलंभर साखर ओतायचे. यीस्टला काय, मिळेल ते खातं. आणि मला फोन यायचा, "मॅडम, एकदम झकास चाललंय."

संपत दारातच उभा होता, चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्यासारखं हसू.

"आता कडक झालीया मॅडम. दोन गिलासात माणूस आडवा."

"तुम्हाला चाखायला ठेवलं होतं की प्यायला?"

"त्यात काय फरक हाय?"

कपाळ माझं! टाकीतलं अल्कोहोल वाइनच्याही पुढे गेलं होतं आणि सफरचंद त्याखाली पार दबलं होतं. कोपऱ्यात एक लहान टाकी दिसली.

"ती आंबट हाय," संपत म्हणाला. "तिच्यात साखर वाया घालू नका, म्या सांगितलं हुतं."

माणूस एकदाच बरोबर वागला, तेही चुकून. मी घोट घेतला आणि राग निम्मा उतरला. सालीचा किंचित तुरटपणा, जिभेच्या कडेला आंबट, मागून ताज्या फळाचा वास. बबनरावांच्या बायकोनं, शोभाताईंनी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. सायडरचा ग्लास माळकऱ्यांच्या स्वयंपाकघरात चालणार नव्हता, म्हणून ताट अंगणात आलं. चटणीचा जाळ आणि वर गार सायडर. मी दुसरा ग्लास मागून घेतला.

तीन वाजता पुण्याचे खरेदीदार साहेब आले. स्वतःचे ग्लास घेऊन! लहान टाकीतली सायडर त्यांनी गोल फिरवली, नाक खुपसलं, डोळे मिटले. "लाइट आहे. जरा रस्टिक, गावरान." मग मोठ्या टाकीकडे बोट केलं. मी थांबवायच्या आत बबनरावांनी नळ सोडला.

"वा! याला बॉडी आहे, भरदार! हीच द्या, सगळी."

संपतची छाती फुगली. एवढी नाटकं करून साहेबांची जीभ निघाली संपतचीच.

मी बबनरावांना बाजूला घेतलं. "लेबलवर सौम्य लिहायचं आणि आत ही भरायची? परवाना जाईल. मालाच्या तपासणीवर माझी सही मिळणार नाही."

बबनरावांनी एकदा बागेकडे बघितलं. मग ते साहेबांपुढे गेले.

"साहेब, ती बिघडलेली हाय. मला चाखता येत न्हाई, म्हणून कळलं न्हाई. माझ्या झाडाची चव त्या बारक्या टाकीत हाय म्हणत्यात मॅडम. न्यायची तर ती न्या."

साहेबांनी तोंड वाकडं केलं. एवढ्या लांब आलोच आहोत तर, म्हणून लहान टाकीतला माल नेला.

मोठ्या टाकीत पाणी घालून कडकपणा उतरवला, तसा सफरचंदाचा वास वर आला, आणि आम्ही तिचं व्हिनेगर केलं. व्हिनेगर होताना अल्कोहोल आंबून जातं, त्यामुळे त्याला माळ आड येत नाही. तयार झाल्यावर बबनरावांनी चमचाभर जिभेवर घेतलं, डोळे बारीक केले आणि पुन्हा घेतलं. "मॅडम, आपलं सफरचंद असं बी लागतं व्हय?" वडिलांनी कांद्यावर ओतून खाल्लं आणि जेसीबीचा विषय बंद केला.

पुढे साहेबांचा फोन आला. गिऱ्हाइकं तीच लाइट, रस्टिक मागताहेत, अजून पाठवा. ती कधीच संपली होती. पुढच्या हंगामापर्यंत थांबा म्हटलं.

आता मी नव्या उत्पादकाला यीस्टच्या आधी एकच गोष्ट सांगते. चाखायला माणूस नेमताना तो रोज काय पितो ते विचारा, आणि पुण्याहून ग्लास घेऊन आला असेल तर दोनदा विचारा.