मोकळी मनगटं
कासाराच्या दुकानात हिरवा चुडा दिसला की जळोचीतलं ते घर आठवतं. तिथल्या स्वमग्न पोरीला मी सांभाळायचे. अशा मुलांना सांभाळणाऱ्यांसाठीच्या दर महिन्याच्या प्रशिक्षणात एकदा कळलं, की त्यांतल्या काहींना बांगड्यांची किणकिणही सोसत नाही. दुसऱ्या दिवशी मी बांगड्या काढूनच गेले. पोरीच्या आत्यानं दारातच अडवलं, "नवरा हाय न्हवं तुला? मग हात असं मोकळं का? तितं शिकवत्यात तरी काय?" मी कारण सांगितलं. "बांगड्यांचा कुणाला तरास हुतो व्हय!" म्हणत तिनं माझं मनगट खसकन ओढलं. तिचा चुडा खळखळला आणि पोरीनं कान दाबले. आत्यानं माझं मनगट सोडलं, पण माझ्या मोकळ्या हातांबद्दलचा तिचा संशय गेला नाही. आजही बाजारात भेटली की आधी माझ्या मनगटांकडे बघते. पोरगी सोबत असली की मात्र आत्याच्या स्वतःच्या मनगटांवर पदर घट्ट गुंडाळलेला असतो.