सव्वादोनची बांगडी

ताडकळसच्या बाजारात बांगड्या भरताना कासारणीनं आईचा पंजा दाबला आणि ती थांबली. "अक्का, सांधे लय गरम लागायलेत. तुमच्या मापाची सव्वादोनची बांगडी जायची न्हाई. डॉक्टरला दाखवा."

परभणीच्या डॉक्टरांनीही आधी तसाच पंजा दाबला. आमवात निघाला. आईला भाकरी थापता येईना.

घरातला पहिला पदवीधर मी. जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुकं असतात, फक्त कुठली चालू आणि कुठली बंद हे वेगळं असतं, हे कॉलेजात शिकलो होतो. पण आईच्या सांध्यांत सूज आणणारी काही जनुकं बंदच होत नव्हती, हे डॉक्टरांनी समजावलं. औषधानं त्यांना हळूहळू आळा बसला.

वर्षभरानं कासारणीनं पुन्हा पंजा दाबला. "आता थंड हायेत," म्हणत तिनं सव्वादोनचीच हिरवी बांगडी सरकवली. पेशींच्या आत घडलेलं कासारणीच्या बोटांना कळलं होतं. मी थक्क होऊन त्या दोघींच्या हातांकडं बघत राहिलो.