भरीव नळीचं पिस्तूल

सौंसरला माझं लेथचं दुकान आहे. मागच्या हिवाळ्यात तिथं पांढुर्ण्याचे एक गृहस्थ आले. अंगात कडक इस्त्रीचा कुर्ता, मांडीवर शालीत गुंडाळलेलं जुनं पिस्तूल. बोलताना एक हात सारखा छातीवर.

"माह्या आज्यानं ह्याच्यानं इंग्रज पाडला, भाऊ. रविवारी चौकात त्यायच्या फोटोसमोर हे ठेवून राहिलो. घोडा अन् चाप तेवढा नाही, तो बसवून द्या."

मी गंज काढला, नळीत तार घालून पाहिली. तार आत जाईचना. नळी भरीव होती.

"काकाजी, हे नाटकातलं दिसते. यातून गोळी निघूच शकत नाही."

त्यांचा चेहरा उतरला. छातीवरचा हात खाली आला. मला वाईट वाटलं. ते खाकरून म्हणाले, "तुम्ही भोक पाडा ना. इतिहासाचं आम्ही पाहून घेऊ."

मी घोडा बसवला, चाप बसवला आणि नळीच्या तोंडाशी नखाएवढा खळगा कोरून दिला. कसं दिसतं ते दाखवायला पिस्तूल उचललं, तर ते झटकन स्टुलावरून उठून बाजूला झाले.

"तोंड तिकडं करा जी! जुनी चीज हाय, भरोसा नाही."