जावयाची गादी

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. ताईचं पहिलं बाळंतपण जानेफळला आमच्या घरी झालं आणि बाळ अडीच महिन्यांचं झाल्यावर तिला नवऱ्याकडं पोचवायचं ठरलं. भाऊजी बिकानेरच्या पुढं कालव्याच्या कामावर होते. आगगाडी होती, पण बाबांनी लष्कराच्या लिलावातली जीप नुकतीच घेतली होती, आणि ती दारात उभी ठेवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. हौसेला मोल नाही म्हणतात. ते मोल आमच्या हाडांनी मोजलं.

पुढं बाबा आणि आई, मागं ताई, बाळ, मी आणि आमच्या उरावर जावयासाठी केलेली गादी. घरच्या शेतातला कापूस, खामगावहून आणलेलं लाल कापड. आई कुणाचा पाय तिला लागू देत नव्हती.

बिकानेर सोडलं आणि वाळूच्या टेकड्या लागल्या. बाबा प्रत्येक टेकडी दाखवायचे. सुंदर होत्या, नाही कशाला म्हणू? पण मला त्यांची भीतीच वाटत होती. आमची काळी माती पायाला चिकटते ती सोडत नाही. इथली जमीन पाय धरतच नव्हती. त्यात बाळानं सकाळपासून दूध ओढणं सोडलं होतं. आधी रडलं, मग कण्हलं, मग गप्पच झालं. ताई त्याच्या ओठांना ओला बोळा लावत होती आणि कालव्याच्या कॅम्पात डॉक्टर आहे, एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होती.

पुढं रस्त्यावर वाळू चढली होती. आमच्याकडं वाट चिखलाची झाली की शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गाडी काढतात. बाबांनी तेच केलं. जीप खाली उतरली आणि रुतली. चिखलात थांबला तो फसला, असं म्हणत त्यांनी जोर दिला, तशी मागची चाकं अर्धी आत गेली. मग ताटानं वाळू उपसली, तर तेवढीच घसरून परत यायची. आसपास चिटपाखरू नव्हतं. ताईनं बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. ते रडलं नाही.

आई खाली उतरली आणि तिनं गादी बाहेर ओढली.

"टाका चाकाखाली."

"ते जावयाची हाये," बाबा म्हणाले.

"पोरगं पोचलं नाही तं जावयाले गादीवर झोप लागन काय?"

बाबांनी मान खाली घालून गादी चाकाखाली सारली. त्यांनी जीप सुरू केली, आईनं आणि मी मागून रेटलं. कापड टर्रकन फाटलं, कापूस उडाला, आणि जीप दणका देऊन रस्त्यावर चढली. त्या दणक्यानं बाळ दचकलं आणि त्यानं टाहो फोडला.

बाबांनी सवयीनं उगी-उगी सुरू केलं.

"रडू द्या त्याले," आई म्हणाली.

कॅम्प येईपर्यंत ते रडत राहिलं, आणि आम्ही कोणीच त्याला उगी केलं नाही.